जिताड्यासाठी वांगी रंग

साखरपुड्याची पंगत उठली, विडे वाटून झाले आणि माझ्या नवऱ्याने, कोणी मागितलेला नसताना, जिताडा कबूल केला.

मुलीच्या सासरची माणसं तारापूरच्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या गावातली. घरची बोट, दारात वाळत टाकलेली जाळी, आणि घरातला प्रत्येक पुरुष कधी ना कधी समुद्रावर जाऊन आलेला. आम्ही सांगलीकडची. कारखान्याच्या नोकरीमुळे बोईसरला आलो आणि इथलेच झालो. मासे खायला लवकर शिकलो. पकडायचं मात्र नवऱ्याने निवृत्त झाल्यावर मनावर घेतलं. त्याने ऑनलाइन एक रॉड मागवला आणि दर रविवारी खाडीवर जाऊन उभा राहू लागला. तोवरची कमाई शिंगाळी नावाचा एक मासा आणि कोणाची तरी डाव्या पायाची चप्पल.

हे सगळं विहीणबाईंना ठाऊक होतं. मुलीनेच सांगितलं असणार.

"तुमच्याकडं केळवणाला यायचं म्हंजे आमी उपास समजून येऊ," त्या म्हणाल्या. "भाकर नि ठेचा. घाटावरच्या मानसाला मासा बाजारात वळखता आला तरी पुष्कळ हाय."

त्यांच्याकडच्या बायका हसल्या. आमच्याकडच्याही हसल्या. नवऱ्याने नुसता पानाचा विडा बाजूला ठेवला.

"केळवणाला जिताडा घालतो ताटात," तो म्हणाला. "बाजारातला नाही. माझ्या गळाचा."

"शब्द बघा हां, व्याहीबुवा. सगली ऐकतायत."

"ऐकू दे."

"मग आमचीबी अट हाय. आमच्या पोराला मदतीला घ्यायचं नाय. त्याच्या बापालाबी नाय. आमच्या गावातला कोनी तुमाला साधा खडक दाखवनार नाय."

जिताडा म्हणजे इथल्या खाड्यांतला मानाचा मासा. जावयाकडे पाठवायचा, साहेबाला द्यायचा, मोठ्या कामाआधी कोणाचं तरी मन वळवायचं तर जिताडा. मला वाटलं, केळवणापर्यंत सगळे विसरतील. पण घरी येताना नवऱ्याने खाडीच्या पुलावर स्कूटर थांबवून खाली पाणी बघितलं, तेव्हा मी समजले. त्या घरात सगळे पुरुष समुद्रावर जाणारे आणि हा एकटा खुर्चीत बसून पाणी मागणारा व्याही. ते त्याला नको होतं. मला त्याच्या मानापेक्षा मुलीची काळजी जास्त. ती जन्मभर त्या घरात राहणार. जिताडा आला नाही तर प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला 'तुझ्या बापाचा जिताडा' निघणार. माझ्या सासरी माझ्या वडिलांनी उशिरा पाठवलेली मिठाई अजून निघते.

केळवण ठरलं होतं कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या लगेचच्या रविवारी. म्हणजे मध्ये थोडेच रविवार उरले होते.

नवरा जिवंत आमिष लावत नसे. त्याला त्याची किळस होती. तो खोटा मासा वापरायचा. प्लास्टिकचा, बोटभर लांब, पोटाला आणि शेपटीला गळ अडकवलेले. दोऱ्याला बांधून लांब फेकायचा आणि रीळ फिरवत ओढून आणायचा, म्हणजे पाण्यात तो पोहल्यासारखा हलतो. शौकीन मंडळी त्याला लूर म्हणतात. असले मासे शेकडो रंगांत मिळतात आणि सगळा वाद त्या रंगावरूनच असतो.

रंगाचं म्हटल्यावर मी पुढे झाले. कारण माझी नोकरीच ती. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी शेड जुळवते. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, आम्ही तसाच रंग बनवून द्यायचा. चहा मागवावा इतक्या सहज लोक म्हणतात, "हुबेहूब असाच." हुबेहूब म्हणजे काय ते आमच्या खोलीत येऊन बघावं. तिथे एक करड्या रंगाची पेटी आहे, आत वेगवेगळे दिवे. दिवसाच्या उजेडाचा, ट्यूबचा, पिवळ्या बल्बचा. एका दिव्यात जुळलेला रंग दुसऱ्या दिव्यात सुटतो. सगळ्या दिव्यांत जुळला तरच माल पास.

आधी आम्ही पालघरला गेलो. बाजारात जाळी-दोऱ्याचं एक दुकान आहे, त्यात काचेच्या कपाटात हे मासे टांगलेले असतात. सोनेरी, रुपेरी, पोपटी, गुलाबी, पाठीवर ठिपके, पोटावर पट्टे.

"हा चालतो का?" मी विचारलं.

"एक नंबर चालतो, ताई."

"आणि हा?"

"हा पण जोरात चालतो."

"मग न चालणारा कुठला?"

"तो आपण ठेवतच नाही," दुकानदार म्हणाला.

मी एक साधा पांढरा घेतला, अजिबात न रंगवलेला. नवऱ्याला सांगितलं, रंग मी देते.

माझा विचार सरळ होता. जिताडा खाडीत काय खातो? बोय खातो. बोय हा छोटा रुपेरी मासा, पाठ किंचित हिरवट करडी, पोट पांढरं. मग खोट्या माशाचा रंग बोयीसारखा करायचा. मी बाजारातून एक ताजी बोय आणली, डब्यात बर्फ घालून कामावर नेली आणि जेवणाच्या सुट्टीत त्या पेटीत ठेवली. आमचा कापडाचा रंग प्लास्टिकवर धरत नाही, म्हणून स्टेशनरीच्या दुकानातल्या ट्यूब वापरल्या. पाठीचा करडा जुळवायला दोन दिवस लागले. तो दिवसाच्या उजेडात जुळे आणि बल्बखाली तांबूस पडे.

आमच्याकडचा ऑपरेटर बनारसकडचा. तो डोकावला. "मॅडम, ये कौन सी पार्टी का सँपल है?"

"जिताडा."

"पेमेंट टाइम पे करता है?"

"मालूम नहीं. पहिली ऑर्डर है."

"ॲडव्हान्स ले लो," तो म्हणाला आणि नाक धरून निघून गेला, कारण बर्फ वितळला होता.

शेवटी रंग जुळला. सगळ्या दिव्यांत. वरून पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला. खरी बोय आणि खोटी बोय शेजारी ठेवली तर कुठली कुठली ते वासावरूनच कळावं. नवऱ्याने तो मासा हातात धरून बराच वेळ बघितला. "फेकवत नाही," म्हणाला.

फेकला. रविवारी सकाळभर फेकला. पुढच्या रविवारीही. मग मधल्या वारीही जायला लागला. एकदा शेवाळ आलं, एकदा वेफर्सची पिशवी. जिताडा तिथे होता, कारण शेजारी जाळं टाकणाऱ्याला दोन मिळाले. नवऱ्याने ते मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

दर सोमवारी विहीणबाईंचा फोन येई.

"काय ओ विहीणबाय, मासा आला का?"

"येईल."

"पोस्टानं येतोय का?"

मी हसायची, फोन ठेवायची आणि कणीक जरा जोरात मळायची.

त्याच दिवसांत शालूची खरेदी झाली. विहीणबाई, मुलगी आणि मी असं पालघरला गेलो. त्यांनी वांगी रंग निवडला. गडद जांभळा, इतका गडद की दुकानाच्या ट्यूबखाली काळाच दिसत होता. मी तो उचलून दाराशी नेला, उन्हात धरला. तिथे तो खुलला, आतून लाल निघाला.

"काला नाय ना?" विहीणबाईंनी दोनदा विचारलं. "लगीनघरात काला नको मला. लगीन लागेस्तवर काली वस्तू घरात यायची नाय, तुमच्याबी नि आमच्याबी."

"काळा नाही. वांगीच आहे. उजेडात बघा."

मुलीला मग त्याच रंगाचं नेलपॉलिश हवं झालं. बाटल्या आणि शालूचा पदर घेऊन मी फुटपाथवर उभी राहिले आणि जुळणारी एक बाटली शोधून दिली. एवढं तरी मला येत होतं.

जिताड्याचं मात्र काही कळेना. मग मी जे कोणत्याही तक्रारीला करते ते केलं. माल गिऱ्हाइकाकडे जाऊन बिघडत असेल तर गिऱ्हाइकाचं पाणी मागवायचं. नवऱ्याला बाटली दिली, खाडीचं पाणी आणायला सांगितलं. ते आणलं तेव्हा चहासारखं दिसत होतं, दुधाच्या चहासारखं. मी ते स्वयंपाकघरात गाळलं, काचेच्या मोठ्या ग्लासात भरलं आणि खोटी बोय दोऱ्याने आत सोडली. सुरेख दिसली. नवऱ्याच्या डब्यातला पोपटी सोडला, तोही छान दिसला. सोनेरी चमकला. सगळेच पास.

नवरा केर भरत होता. त्याने ओट्यावरचा कागद उचलला. "हे काय?"

"फिल्टर पेपर. कामावरून आणलाय."

"त्याच्यावर काय आहे?"

"गाळ. खाडीचा."

तो थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग ग्लासाकडे. "म्हणजे खाडी इथं कागदावर राहिली," तो म्हणाला, "आणि तू रंग त्या पाण्यात बघतेयस?"

आमच्याकडे रंगाचं पाणी तपासायचं तर आधी गाळतात. एक कण तरंगत राहिला तरी यंत्रावरचा आकडा चुकतो. इतकी वर्षं हे केल्यावर हात आपोआप कागदाची घडी घालतो, डोक्याला विचारत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "दोन कॅन भरून आणा. मोठे."

माळ्यावर मुलीच्या लहानपणीची काचेची टाकी होती, त्यात कधीकाळी सोनमासे होते. ती काढली, दोन स्टुलांवर अशी ठेवली की मधला तळ मोकळा राहील, आणि खाडीचं पाणी न गाळता ओतलं. गाळ बसू नये म्हणून रवीने घुसळत राहायचं. मग एकेक मासा सोडून बघितला.

सगळ्यात आधी माझी बोय नाहीशी झाली. काचेपासून चार बोटं मागे नेली की संपली. अर्थात संपणारच. बोयीचा रंग असतोच मुळी दिसू नये म्हणून. मी तो सगळ्या दिव्यांत जुळवून, वर नेलपॉलिश मारून, दिसणार नाही असा मासा बनवला होता आणि जिताड्याने तो बघावा अशी अपेक्षा करत होते. निळा गेला. रुपेरी गेला. पोपटी बराच वेळ टिकला. त्या गढूळ पिवळट पाण्यात पोपटीच तेवढा उजळ राहतो.

पण नवरा जात होता पहाटे, जेमतेम फटफटल्यावर. मी खिडकीचा पडदा ओढला. पोपटीही मंद झाला. आता मला आणखी एक गोष्ट सुचली. जिताडा खडकाच्या बुडाशी दबा धरून असतो आणि वरून जाणाऱ्या माशावर झडप घालतो. म्हणजे तो बघतो खालून. म्हणून मी फरशीवर उताणी पडले, डोकं दोन स्टुलांच्या मध्ये घातलं आणि नवऱ्याला म्हटलं, "हं, सोडा एकेक."

त्याच वेळी दार उघडंच असल्यामुळे विहीणबाई आत आल्या. शालूच्या ब्लाउजसाठी मुलीचं माप घ्यायला आल्या होत्या.

"अगो बाय! चक्कर आली का?"

"नाही. जरा बघतेय."

"काय बगतेस?" घाईत त्यांनी मला पहिल्यांदा अगंतुगं केलं.

"जिताड्याला काय दिसतं ते."

त्यांनी टाकीकडे बघितलं. मग पिशवी ठेवली, पदर खोचला, गुडघ्यांवर हात देत देत खाली बसल्या आणि माझ्या शेजारी आडव्या झाल्या. आम्ही दोघी विहिणी टाकीखाली, आणि नवरा वर रवी घेऊन उभा.

"जनम गेला मासं खान्यात," त्या म्हणाल्या, "पन खालून कवा बगितलं नवतं."

"सोडा," मी म्हटलं.

रुपेरी सोडला. वरच्या उजेडात तो विरघळून गेला. पोपटी सोडला. पुसट ढग. मग नवऱ्याला काही सापडेना, म्हणून त्याने रीमोटचा काळा सेल दोऱ्याला बांधून सोडला. तो मात्र कोरून काढल्यासारखा दिसला. कड न् कड.

"काळा," मी म्हटलं.

"काला," विहीणबाईही म्हणाल्या, आणि लगेच त्यांना आपली अट आठवली. "मी काय बोलले नाय हां. मी मदत केली नाय."

"नाही केली."

मी उठून बसले. अंधूक उजेड, उधाणाचं दाट पाणी, तर काळा. दिवस वर आला आणि पाणी तसंच दाट असेल तर पोपटी. माझी बोय लागेल अष्टमीच्या आसपास, पाणी कमी हलतं, गाळ खाली बसतो आणि खाडी स्वच्छ होते तेव्हा. केळवण पौर्णिमेला लागून. म्हणजे उधाण. म्हणजे काळा.

"उद्या जाऊन काळा लूर आणतो," नवरा म्हणाला.

"अजाबात नाय," विहीणबाई फरशीवरूनच म्हणाल्या. "लगीन लागेस्तवर काली वस्तू नाय. मासा र्‍हाऊ दे, पन काला नको. मी पालघरात सांगितलंय तुमाला."

त्या गंमत करत नव्हत्या. त्यांचा आवाज वेगळा होता, आणि असल्या बाबतीत मी वाद घालत नाही; त्यांच्या जिवाला लागेल अशी गोष्ट करून आणलेला मासा काय कामाचा? नवरा रवी हातात घेऊन तसाच उभा. अट त्यांची, खाडी त्यांची, आणि आता रंगही त्यांच्याच हातात.

मी मुलीच्या खोलीत गेले, नेलपॉलिशची बाटली घेऊन आले आणि माझ्या हुबेहूब बोयीवर पहिला हात दिला. दोन दिवस जुळवलेला करडा एका मिनिटात गेला.

"आई! ती लग्नाची आहे!"

"तुझ्या दहा नखांपुरती ठेवते."

दोन हात दिले, दोरीवर चिमटा लावून वाळवला. खिडकीत धरून विहीणबाईंना दाखवला. "हा काळा आहे का?"

त्यांनी तो निरखून बघितला. "नाय. ह्यो वांगी."

"शालूचा रंग आहे. चालेल घरात?"

"शालूचा चालनारच की."

मग तो टाकीत सोडला, आणि आम्ही परत दोघी खाली आडव्या झालो. पडदा ओढलेला, पाणी घुसळलेलं. वर एक काळा मासा चालला होता, सेलाइतकाच ठसठशीत. विहीणबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"लबाड हायस," त्या म्हणाल्या.

"पोटापाण्याचा धंदाच तो आहे," मी म्हटलं.

केळवणाच्या दिवशी मी नवऱ्याबरोबर गेले. दुसऱ्या कोणाला सोबत नेऊन स्वतःचं हसं करून घ्यायला तो तयार नव्हता आणि मला एकदा बघायचं होतं. ओहोटीचं पाणी पार उतरून गेलं होतं, चिखल चमकत होता, आणि भरती नुकतीच आत शिरायला लागली होती. खडकाच्या कोपऱ्यावरून तो फेकत होता. मी उकिडवी बसून घरी काय काय राहिलंय त्याचा हिशेब करत होते. कोशिंबीर, सोलकढी, तांदूळ निवडलेले नाहीत. भाजीसाठी बटाटे मात्र मी आदल्या दिवशीच उकडून ठेवले होते. माझा माझ्या शेडवर विश्वास होता, पण बटाट्यावर जास्त.

उजाडत चाललं होतं. आणखी थोड्या वेळाने वांगी रंगाचा उपयोग उरला नसता. नवऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "हळू ओढा. घाई कसली?" घाई होतीच.

मग रॉड वाकला. आधी मला वाटलं खडकाला अडकला. पण खडक बाजूला सरकत नाही. नवरा नुसता मागे झुकला, आणि पाण्यात एक रुपेरी अंग उलटलं आणि परत गेलं. किती वेळ गेला मला माहीत नाही. शेवटी मी साडी वर खोचून घोट्यापर्यंत चिखलात उतरले आणि जाळीच्या पिशवीत तो घेतला. तीनेक किलोचा असेल. अंगठ्याएवढे डोळे. नवरा खडकावर बसला आणि म्हणाला, "चहा आणलायस?" मी आणला होता.

विहीणबाई जेवायला आल्या त्या हातात पिशवी घेऊनच. पिशवीत पापलेट होती. "आपली असावीत म्हनून आनली," म्हणाल्या. मीही त्यांना बटाट्याचं सांगितलं नाही.

मी जिताडा अजून कापला नव्हता, मुद्दाम. त्यांनी पदर खोचला आणि ओट्याशी तपासणी सुरू केली. कल्ले उघडून बघितले, ताजा. अंगावर जाळ्याच्या खुणा शोधल्या, नाहीत. मग जबडा उघडला. जिताड्याचे दात म्हणजे सँडपेपर. त्याने खोट्या माशाला चांगलं घासलं होतं. ओठाच्या कडेला चकचकीत रंगाचे कपचे चिकटलेले.

त्यांनी बोटाने एक कपचा काढला, खिडकीशी नेला, उन्हात धरला. पालघरच्या दुकानात मी शालू धरला होता तसाच.

"अरे ए," त्यांनी बाहेरच्या खोलीत हाक मारली, "इकडं या सगली! ह्या जिताड्यानं आपल्या शालूच्या रंगाची लिपस्टिक लावलीय!"

सगळे आत आले. जावई हसू दाबत होता, त्याचे वडील दाबत नव्हते. नवरा दारात उभा राहिला. खांदे मागे टाकून.

कालवण विहीणबाईंनी केलं. माझ्या हातचं चालणार नाही, म्हणाल्या, एवढ्या माशावर. पानं वाढली, आणि डोकं कोणाच्या ताटात जाणार याकडे त्यांच्या घरच्या सगळ्यांचं लक्ष लागलं. डोकं म्हणजे मान. त्यांनी ते डावाने उचललं, सगळ्या पुरुषांच्या पुढून नेलं आणि माझ्या नवऱ्याच्या ताटात ठेवलं.

"घ्या, व्याहीबुवा. गलाचा हाय. शब्द पुरा झाला."

नवऱ्याने डोक्याकडे बघितलं. डोक्याने त्याच्याकडे. सांगलीकडच्या माणसाला माशाचं डोकं कोणी शिकवलेलं नसतं. सगळे घास हातात धरून थांबलेले. तो जरासा वाकून विहीणबाईंना हळूच म्हणाला, "याचं सुरू कुठून करायचं?"

"आता सांगते," त्या म्हणाल्या आणि त्याच्यासमोर पाटावर बसल्या. "आता अट नाय."